सेमीवालं विधान कुठे बसतं: अनफोल्डिंग स्केलचे आयटम तपासतानाच्या नोंदी

१० फेब्रुवारी

काम काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना अडणार नाही. पालकांचा शाळेच्या माध्यमाबद्दलचा कल मोजायची स्केल बनवतेय. एका टोकाला पक्के मराठी माध्यमवाले, दुसऱ्या टोकाला पक्के इंग्रजीवाले आणि मधे सेमी इंग्रजीवाले, म्हणजे शाळा मराठी पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. एकूण आठ विधानं आणि प्रत्येकासमोर दोन चौकोन, पटतं किंवा पटत नाही. मराठीकडची तीन (म१, म२, म३), मधली दोन (स१, स२), इंग्रजीकडची तीन (इ१, इ२, इ३).

कराड तालुक्यातल्या तीन गावांत १३० फॉर्म वाटले, प्रत्येकी दोन पानं, दीड रुपया पान, झेरॉक्सचे ३९० रुपये झाले. परत आले १२४, त्यातले चार कोरेच होते. हातात १२०.

१७ फेब्रुवारी

पहिली मोठी चूक इथेच झाली आणि तिच्यात तीन आठवडे गेले, म्हणून सविस्तर लिहिते. नेहमीच्या सवयीने मराठीकडची विधानं उलटी कोड केली (होकार ०, नकार १), सगळ्यांची बेरीज केली, अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) काढला आणि प्रत्येक आयटमचा बेरजेशी संबंध किती ते बघितलं. टोकाची विधानं छान दिसली. स१ चा संबंध आला ०.०४, म्हणजे नसल्यातच जमा. स२ पण तसंच. मग पुस्तकी नियमाप्रमाणे दोन्ही काढून टाकली, अल्फा वाढला, आणि मी खूश होऊन माझ्या गाइड मॅडमना फाइल पाठवली.

९ मार्च

मॅडमनी फाइल बघून एकच विचारलं, "अगं, मग सेमीवाले पालक गेले कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावात निम्म्या घरांत सेमीचाच विषय चाललाय, आणि माझ्या स्केलमध्ये त्याचं एकही विधान उरलेलं नाही.

घोळ असा आहे बघा. "सेमी सगळ्यात बरं" याला पटत नाही म्हणणारे दोन अगदी वेगवेगळे लोक असतात, एक म्हणतो एवढं इंग्रजी कशाला आणि दुसरा म्हणतो एवढंच इंग्रजी का. दोघांचा नकार एकाच चौकोनात पडतो. बेरजेवर आधारलेली कुठलीही तपासणी असं धरून चालते की कल जितका वाढेल तितका होकार वाढतो, पण मधल्या विधानाचा होकार आधी वाढतो आणि मग कमी होतो, त्यामुळे संबंध शून्याजवळ येणारच. म्हणजे स१ मधे काही खोट नव्हती, मी त्याला लावलेलं माप चुकीचं होतं.

अशा विधानांसाठी अनफोल्डिंग वापरतात, म्हणजे माणूस आपल्या मताच्या जवळच्या विधानांना होकार देतो आणि दोन्ही बाजूंच्या लांबच्या विधानांना नकार, असं धरून चालायचं. कल्पना क्लाइड कूम्ब्स यांची, १९५० पासूनची. मला सूत्रात बसवलेला वक्र नको होता, कारण १२० फॉर्मवर तो बसवणं धाडसाचं झालं असतं, म्हणून नॉनपॅरामेट्रिक, म्हणजे असं ठरलेलं सूत्र न धरणारा मार्ग घेतला: मडफोल्ड. पद्धत व्हान शूर यांची, १९८४ ची, आणि तिचा नॉनपॅरामेट्रिक पाया वेंडी पोस्ट यांनी १९९२ मध्ये पक्का केला. आर या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये याच नावाचं पॅकेज आहे.

१२ मार्च

पॅकेज टाकायला एक संध्याकाळ गेली, नेट सारखं जात होतं. लगेच स्वतःच्या डेटावर उडी मारली नाही आणि ते बरं झालं. पॅकेजमध्ये सरावाचा डेटा येतो, त्यातला डेव्हिड अँड्रिच यांचा १९८८ चा घेतला, फाशीच्या शिक्षेबद्दल आठ विधानं आणि ५४ पदव्युत्तर विद्यार्थी. यातही मधली विधानं आहेत, म्हणजे फाशी असावी असं वाटतं पण मनाला पटत नाही, अशा धाटणीची. आउटपुटमधली कुठली ओळ काय सांगते हे यावर समजून घ्या, मग आपली फाइल उघडा. माझे दोन दिवस यात गेले पण पुढचे दहा वाचले असं मी म्हणेन.

१५ मार्च

आपला डेटा घातला आणि एरर. कारण फॉर्म नंबरचा कॉलम तसाच राहिला होता, फंक्शनला फक्त ० आणि १ हवेत. तो काढला. पुन्हा एरर. एन्ट्री आम्ही दोघींनी केली होती, मी "पटतं" टाइप केलं होतं आणि मैत्रिणीने "पटते", शिवाय काही सेलमध्ये शेवटी स्पेस होती, त्यामुळे ० आणि १ मधे बदलताना तिच्या सगळ्या नोंदी रिकाम्या झाल्या. चार तास गेले. एन्ट्री करतानाच १ आणि ० टाका, शब्द टाइप करूच नका.

शेवटी चाललं. आणि क्रम आला इ३ पासून म१ पर्यंत, म्हणजे मी मांडला होता त्याच्या बरोब्बर उलटा! मी घाबरून सगळं कोडिंग परत तपासलं, आख्खी संध्याकाळ. काहीही चूक नव्हती. अनफोल्डिंगमध्ये डावं-उजवं ठरलेलं नसतं, कोण कोणाच्या शेजारी आहे एवढंच डेटातून कळतं, उलटा क्रम म्हणजे तोच क्रम. पण माझं खरं दुखणं वेगळं होतं, स१ स्केलमध्ये आलंच नव्हतं. पुन्हा बाहेर.

१८ मार्च

सॉफ्टवेअरवर चिडून उपयोग नाही म्हणून एक तिकडी हाताने सोडवायला घेतली. प्रत्येकाने एकदा तरी हे करा, त्याशिवाय एच म्हणजे काय ते अंगात मुरत नाही.

क्रमाने तीन विधानं घ्यायची: म२ (मराठी माध्यमच बरं, इंग्रजी एक विषय म्हणून पुरे), स१ (सेमी सगळ्यात बरं), इ२ (इंग्रजी माध्यमाशिवाय पुढे निभाव लागत नाही). क्रम बरोबर असेल तर दोन्ही कडेची पटली आणि मधलं पटलं नाही असं व्हायला नको. १-०-१ ही एकच चूक मोजायची. अशा किती चुका आल्या, भागिले उत्तरांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर किती आल्या असत्या, आणि ते एकातून वजा. तो झाला त्या तिकडीचा एच.

माझे आकडे: १२० पैकी म२ ला होकार ६३, स१ ला ४०, इ२ ला ५६. योगायोगाने अपेक्षित चुका १२० × ०.५२५ × ०.६६७ × ०.४६७, म्हणजे साधारण १९.६. प्रत्यक्षात आल्या २०. एच आला उणे ०.०२. निव्वळ योगायोगाइतक्याच चुका! मडफोल्डची नेहमीची अट ०.३ ची असते, आपण शून्याच्याही खाली.

मग ते २० फॉर्म गठ्ठ्यातून बाहेर काढले आणि जमिनीवर मांडले.

१९ मार्च

वीसातले आठ फॉर्म बघून अंगावर काटाच आला. या आठ जणांनी स१ ला "पटत नाही" केलेलंच नाही, चौकोन कोरे आहेत. सेमी म्हणजे काय हेच त्यांना माहीत नसावं, आणि एक्सेलमध्ये रिकाम्या जागा नकोत म्हणून मी सरसकट ० भरला होता. न दिलेल्या उत्तराचा मी नकार करून टाकला. असे स१ कोरे ठेवलेले एकूण २० फॉर्म निघाले.

हे कळकळीने सांगते, अनफोल्डिंगमध्ये रिकाम्या जागी शून्य भरणं फार महागात पडतं, कारण मधल्या विधानावरचा खोटा शून्य थेट १-०-१ तयार करतो. पॅकेजमध्ये रिकाम्या नोंदी वगळायची आणि अंदाजाने भरायची अशी दोन्ही सोय आहे. मी वगळल्या, कारण ज्याला सेमी माहीतच नाही त्याचं सेमीबद्दलचं मत अंदाजाने भरणं मला पटलं नाही.

उरले १०० फॉर्म. म२ ला ५०, स१ ला ४०, इ२ ला ४५. अपेक्षित चुका १३.५, प्रत्यक्ष १२. एच ०.११. सुधारला, पण अजून खालीच.

२१ मार्च

आता त्या बारा फॉर्मकडे. एक फॉर्म समोर ठेवूनच लिहितेय. एका आईचा आहे, पेन्सिलीने भरलेला, घडी घालून कडा मळलेल्या, बहुतेक ओट्याशी उभं राहून भरलाय, खाली तेलाचं बोट उमटलंय. म२ पटतं. स१ पटत नाही. इ२ पटतं, आणि त्या खुणेवरून पेन्सिल दोनदा फिरवलीय. वरच्या माहितीत लिहिलंय: मुलगी सातवी, जिल्हा परिषद शाळा. मुलगा पहिली, इंग्लिश मीडियम.

त्या बाईंनी काहीच चुकीचं लिहिलं नव्हतं. मुलीसाठी एक उत्तर दिलं आणि मुलासाठी दुसरं, आणि माझ्या विधानांत कोणत्या मुलासाठी ते कुठेच नव्हतं. (मुलीला मराठी आणि मुलाला इंग्रजी, हा विषय मनात खुपतोय, पण तो या स्केलचा नाही, वेगळा लिहायला हवा.)

बाकीचे बघितले. बारातल्या नऊ घरांत दोन मुलं दोन वेगळ्या माध्यमांत आहेत.

म्हणजे एच कमी आला तो विधान मधे बसत नाही म्हणून नाही, तर एकाच माणसाकडून मी दोन माणसांची उत्तरं गोळा केली म्हणून. हे मला कुठल्याही आउटपुटने सांगितलं नसतं. एच सांगतो की इथे घोटाळा आहे. काय घोटाळा आहे ते फॉर्म सांगतो. म्हणून कागद फेकू नका, आणि प्रत्येक फॉर्मवर नंबर टाका, माझ्याकडे तो होता म्हणून हे बारा सापडले.

२ एप्रिल

फॉर्म बदलला. वर ठळक अक्षरात: "सगळी उत्तरं तुमच्या सगळ्यात धाकट्या मुलाचा किंवा मुलीचा विचार करून द्या." सेमीचा अर्थ एका ओळीत दिला. तिसरा चौकोन घातला, "माहीत नाही", आणि तो एन्ट्रीत रिकामाच ठेवायचा. विधानांचा क्रमही फॉर्मवर मिसळून छापला, आधी मी मराठीकडून इंग्रजीकडे असे ओळीने छापले होते आणि लोक एका लयीत खुणा करत सुटत होते.

१ मे

निकालाचा दिवस, पालक आपणहून शाळेत येतात, यापेक्षा चांगला दिवस नाही. १६० फॉर्म, ४८० रुपये. शिक्षकांनी एक वर्ग उघडून दिला. पूर्ण भरलेले १५० मिळाले.

६ मे

तीच तिकडी. म२ ला ६३, स१ ला ७५, इ२ ला ६०. अपेक्षित चुका १२.६, प्रत्यक्ष ५. एच ०.६०. मी लगेच मॅडमना फोन केला.

स१ आता शोधाच्या पहिल्याच पायरीत आलं. पहिली पायरी म्हणजे अशी तिकडी शोधायची जी एकाच क्रमाने बसते, म्हणजे मधे कोण यावर तीन शक्यता असतात, त्यातली एक चांगली आणि बाकी दोन चालत नाहीत. तिथून मग एकेक विधान जोडत जातात.

८ मे

इ१ चं दुखणं. विधान होतं, "इंग्रजी माध्यमात घातलं तरी मराठी विषय सक्तीचा हवा." १५० पैकी १३८ जणांना पटलं. साहजिक आहे, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचाच आहे, लोक चालू नियमाला मान डोलावतायत, त्यांचा कल त्यातून कळत नाही.

पण त्याचा आयटम एच (ते विधान असलेल्या सगळ्या तिकड्या मिळून येणारा एच) वाईट नव्हता, म्हणून मी आधी ठेवणार होते. मग म२ आणि इ२ च्या मधे इ१ ठेवून हाताने गणित केलं. नकार फक्त ८ टक्के, त्यामुळे अपेक्षित चुका जेमतेम २.०२. प्रत्यक्षात एक चूक आली तर एच ०.५०, दोन आल्या तर ०.०१. एका फॉर्मवर सगळा निकाल फिरतो! असा आकडा कितीही छान दिसला तरी त्यावर टेकायचं नाही. जवळजवळ सगळ्यांनाच पटणारं विधान मधे असेल तर एच बघण्याआधी अपेक्षित चुका किती ते बघा. माझा घरगुती नियम, पाचच्या खाली असतील तर त्या तिकडीवर विश्वास नाही. बूटस्ट्रॅप (याच फॉर्ममधून पुन्हा पुन्हा नमुने उचलून आकडा किती हलतो ते बघणं) करून घेतला तर हीच गोष्ट रुंद अंतरातून दिसते. इ१ काढलं.

म१ (बारावीपर्यंत सगळं मराठीतूनच) याची अडचण उलटी, होकार फक्त ११. पण ते टोकाला आहे, टोक धरून ठेवायला कोणीतरी हवंच. ठेवलं.

११ मे

आज दिवसभर स२. विधान असं होतं, "गणित-विज्ञान इंग्रजीतून असावं पण इतिहास पोरांना मराठीतूनच कळतो." एच ०.३ च्या वर, तक्रार करायला जागा नाही. पण एचवर थांबू नका, कॅम काढा, म्हणजे कंडिशनल अ‍ॅडजसन्सी मॅट्रिक्स. नाव मोठं आहे, आत साधी गोष्ट आहे: एक विधान पटलेल्यांपैकी किती जणांना दुसरं पटलं. स्केलच्या क्रमाने लावून प्रत्येक ओळ वाचायची. शेजाऱ्यांचे आकडे मोठे, लांबच्यांचे लहान, मधे खड्डा नको.

म२ ची ओळ बघा, स२ सोडून: म१ ०.१३, म३ ०.६२, स१ ०.४३, इ२ ०.१९, इ३ ०.०५. उजवीकडे उतरत गेली, छान. डावीकडे म१ लहान आहे कारण ते मुळात अकराच जणांना पटलंय.

स२ ची ओळ: म१ ०.०५, म२ ०.४९, म३ ०.४१, स१ ०.५८, इ२ ०.३६, इ३ ०.१०. म२ वरून म३ ला उतरली आणि स१ ला परत चढली. खड्डा. ओळ किती वाकडी आहे हे पॅकेज आयएसओ नावाच्या आकड्यात देतं, सरळ चढून उतरणाऱ्या ओळीचा शून्य येतो. स२ चा सगळ्यात जास्त.

एवढ्याशा खड्ड्यावरून विधान काढायचं का? १५० फॉर्ममध्ये ०.०८ चा फरक म्हणजे पाचसात माणसं. नुसत्या आकड्यावर मी काढलं नसतं. परत गठ्ठा घेतला, म२ आणि स२ दोन्ही पटलेले फॉर्म बाजूला केले. चौघांनी स२ मधला "इतिहास पोरांना मराठीतूनच कळतो" एवढाच भाग अधोरेखित करून पटतं वर खूण केलीय, आणि एका आजोबांनी तर पहिला अर्धा भाग पेनाने खोडलाय. एका वाक्यात दोन प्रश्न. लोकांनी अर्ध्या वाक्याला उत्तर दिलं. तोंडपाठ असलेला नियम आहे हा, एका विधानात एकच गोष्ट, आणि तरी माझ्याकडून निसटला, कारण "पण" घातल्यावर वाक्य मधलं वाटायला लागतं. मधली विधानं लिहिताना या "पण" पासून फार सांभाळावं लागतं.

स२ काढलं. उरली सहा: म१, म२, म३, स१, इ२, इ३. पूर्ण स्केलचा एच ०.५२.

१४ मे

मॅडम म्हणाल्या, ०.५२ लिहू नकोस अजून. बरोबर आहे त्यांचं. याच १५० फॉर्मवर मी विधानं निवडली आणि याच १५० वर ती किती चांगली ते मोजलं, आकडा फुगणारच. नवीन लोक हवेत, आणि या वेळी सॉफ्टवेअरला शोधायला लावायचं नाही. पॅकेजमध्ये दुसरं फंक्शन आहे, अ‍ॅज डॉट मडफोल्ड, त्यात क्रम आपण द्यायचा आणि ते फक्त तपासून देतं.

२० जून

शाळा उघडल्यावर पाटण तालुक्यात दोन गावं केली. पाऊस, एसटी उशिरा, एक दिवस नुसता जाण्यायेण्यात गेला. भाडं आणि झेरॉक्स मिळून ६४० रुपये. पूर्ण फॉर्म ९०.

क्रम दिला आणि तपासलं. पूर्ण एच ०.४४, स१ चा ०.४७. मे पेक्षा उतरले, पण ०.३ च्या चांगले वर आहेत, आणि कॅमच्या सहाही ओळींत खड्डा नाही. मी ०.४४ लिहिणार आहे, ०.५२ नाही.

२३ जून

कराडच्या त्या पेन्सिलवाल्या बाईंचा मे मधला फॉर्म आज फाइलला लावला. त्या १ मेला आल्या होत्या, मला ओळखलं, आणि फॉर्म हातात घेऊन वरची ओळ दोनदा वाचली. "धाकट्याचं म्हणताय ना ताई, मग सोपं आहे," असं म्हणून उभ्याउभ्याच भरला. म२ पटत नाही, स१ पटतं, इ२ पटतं. थोरलीचं कुठे लिहू असंही त्यांनी विचारलं होतं. फॉर्मवर त्याला जागा नव्हती, त्यांनी मागच्या बाजूला लिहिलं: मोठीला पण सेमीत घालायचं होतं, आमच्या शाळेत तेव्हा नव्हतं.

पुढच्या छपाईत मागच्या पानावर चार रिकाम्या ओळी ठेवल्यात. पानामागे खर्च तोच.